तुम्ही विचारलंत म्हणून: उरानोस म्हणजे वरुण का?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मी ग्रीक नावे सांगू लागलो की कोणीतरी हमखास विचारते, "ग्रीकांचा उरानोस म्हणजे आपला वरुणच ना?" दोन्ही आकाशाशी जोडलेले देव आहेत आणि नावेही कानाला जुळी वाटतात. माझे उत्तर मात्र बहुधा नकारार्थी असते आणि विचारणाऱ्याचा थोडा विरस होतो.

हा समज निराधार नव्हता. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी तो मांडला आणि 1934 साली जॉर्ज द्युमेझिल यांनी या दोन देवांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. अडचण ध्वनींची आहे. वरुणातील मधल्या उकाराला ग्रीक शब्दात जोड सापडत नाही. शिवाय ग्रीकच्या निरनिराळ्या बोलींतील रूपे एकत्र ठेवली, तर या शब्दात 'र'नंतर पूर्वी एक 'स' असावा आणि तो पुढे लोपला असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटते. तसे मानले की 'उरानोस'चे नाते 'वर्ष' म्हणजे पाऊस या शब्दाशी, पर्यायाने आपल्या 'वर्षाव'शी जुळते आणि आकाश हे पाऊस पाडणारे ठरते. मला हे नाते वरुणापेक्षा अधिक आवडते. (आपल्या पंचांगात तर हा ग्रीक देव पोहोचलाच नाही: 1781 मध्ये विल्यम हर्शेलने शोधलेला आणि पुढे याच देवाचे नाव मिळालेला युरेनस ग्रह तिथे शोधकर्त्याच्याच नावाने, हर्षल म्हणून, नांदतो.)

केवळ कानावर विसंबण्याची सवय खुद्द ग्रीकांनाही होती. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस आकाशाचे नाव 'वरचे पाहणे' या अर्थाच्या शब्दांतून काढतो आणि 'ऐथेर', म्हणजे वरचे तेजोमय अवकाश, हा शब्द 'सदैव धावणारे' असा फोडतो. ही दुसरी फोड ॲरिस्टॉटलनेही स्वीकारली, कारण अखंड फिरणाऱ्या आकाशाच्या त्याच्या सिद्धांताला ती सोयीची होती. प्रत्यक्षात त्या शब्दाच्या मुळाशी जळणे आहे. यज्ञातील 'इध्म' आणि 'समिधा' हे त्याचे आपल्याकडचे आप्त.

खरी नाती बहुधा अशी वेषांतर करून येतात. ग्रीकमध्ये स्वराआधीच्या आरंभीच्या 'स'चा 'ह' झाला, मूळच्या 'ल'च्या जागी संस्कृतात 'र' आला, आणि म्हणून 'हेलिओस' व 'सूर्य' हे एकाच मुळाचे असूनही परके दिसतात. 'अस्तेर' आणि 'तारा' यांचेही तेच. चंद्राचे रूढ नाव 'सेलेने' हे ग्रीकमधल्याच 'सेलास', म्हणजे तेज, या शब्दावरून आले. 'मेने' हे जुने नाव मात्र आपल्या 'मास'चे सख्खे भावंड आहे.

सर्वांत देखणे उदाहरण अस्वलाचे. ज्या तारकासमूहाला आपण सप्तर्षी म्हणतो, त्याला होमर 'आर्क्तोस', म्हणजे अस्वल, म्हणतो आणि तेवढेच सागरात बुडत नाही असे सांगतो. 'आर्क्तोस' आणि 'ऋक्ष' हा एकच शब्द. शतपथ ब्राह्मण स्पष्ट सांगते की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील चोविसाव्या सूक्तातही उंचावर ठेवलेले, रात्री दिसणारे आणि दिवसा कुठेतरी जाणारे 'ऋक्ष' आहेत, आणि ती ऋचा आहे वरुणाची. त्यामुळे वरुणाच्या चाहत्यांना अगदीच रिकाम्या हाती पाठवावे लागत नाही.

मग साम्य कानाला लागलीच कळते, ते शब्द कोणते? पुष्कळदा उसने घेतलेले. 'केंद्र' हा ग्रीक 'केंत्रोन', 'होरा' हा ग्रीक 'होरा', आणि कुंडलीतले 'जामित्र', म्हणजे सातवे स्थान, हे 'दिआमेत्रोन'. ग्रीक फलज्योतिषाबरोबर इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ते इकडे आले. वराहमिहिराने बृहज्जातकात ग्रहांची पर्यायी नावे देताना 'हेलिः सूर्यः' असे म्हटले आहे: एक नाव ग्रीकांकडून आलेले, दुसरे वेदकाळापासून घरचे, आणि दोन्ही एकाच मुळाची.