पाटीवर काय लिहायचे

रंगपंचमीच्या दिवशी इंदुरात सहसा कोणी काम करीत नाही. सुटी असते, राजवाड्याकडे गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरांतून रंगाचे फवारे वरच्या मजल्यांपर्यंत उडतात आणि दुपार टळेपर्यंत रामबागेतून बाहेर पडण्यात शहाणपण नसते. मुंबईच्या कंपनीला या सुटीचे सोयरसुतक नसल्यामुळे मी मात्र खिडक्या लावून, कानांत हेडफोन घालून एक भयपट दुसऱ्यांदा पाहत बसले होते. ओटीटीवर येणाऱ्या परदेशी चित्रपटांना वयोगट सुचवणे आणि त्यांच्या आरंभी पाटीवर दिसणारी सूचना लिहिणे हे माझे काम. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमाला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असा वर्ग द्यावा लागतो आणि आशय कसा आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगावे लागते. त्या सांगण्यालाच आमच्याकडे डिस्क्रिप्टर म्हणतात. कंपनीच्या चौकटीत त्यासाठी जेमतेम सात-आठ शब्दांची जागा आहे.

करारामुळे चित्रपटाचे नाव सांगता येत नाही. अल्झायमर झालेली एक वृद्ध आई आणि तिला सांभाळण्यासाठी नोकरी सोडून परतलेली मुलगी, एवढीच त्याची माणसे. आईला आजार झाला आहे की तिला कसली बाधा झाली आहे, हे चित्रपट पहिला तासभर गुलदस्त्यात ठेवतो आणि त्याची सारी गंमत तिथेच आहे. अडचणही तिथेच होती. पाटीवर ‘भूतबाधा’ लिहिले तर पहिल्याच क्षणी कथेचा शेवट फुटतो. न लिहिले तर घरात असा रुग्ण असलेला माणूस हा आजारावरचा कौटुंबिक चित्रपट समजून बेसावधपणे पाहायला बसतो.

पहिल्यांदा मी चित्रपट सलग पाहते आणि दुसऱ्यांदा मिनिट-सेकंदांची नोंद करीत जाते. यादीत नेहमीच्या गोष्टी आल्याच होत्या: रक्त, स्वतःला इजा करणे, सेकंदाला तीनहून अधिक वेळा लखलखणारा प्रकाश (अपस्मार असलेल्यांसाठी ही नोंद टाळून चालत नाही) आणि मुलीच्या हातातली सिगारेट. सिगारेटची चिंता मला करावी लागत नाही. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही नियम लागू असल्यामुळे ती पडद्यावर दिसेल तेवढा वेळ खाली इशारा झळकतोच.

बाकीच्या नोंदी वाचताना मात्र मी अडखळले. आई तिन्हीसांजेला बेचैन होऊन घरभर फिरते. आरशातल्या म्हातारीला ती घुसखोर समजते. ‘तू माझी मुलगी नाहीस, तिच्यासारखी दिसणारी कोणीतरी आहेस,’ असे मुलीला म्हणते. कोपऱ्यात तिला मुले बसलेली दिसतात. दिवस मावळताना वाढणारी अस्वस्थता स्मृतिभ्रंशाच्या कित्येक रुग्णांत दिसते. आपलेच माणूस तोतया वाटण्याला फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ काप्ग्रा यांच्या नावाने ओळखतात आणि त्यांनी ते १९२३ मध्ये नोंदवले होते. नसलेली माणसे स्पष्ट दिसणे हे लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे ठळक लक्षण आहे. चित्रपटाने हे सगळे भुताच्या खाती जमा केले होते, आणि मीही माझ्या यादीत त्यांच्यापुढे सरसकट ‘भय’ असे लिहून टाकले होते.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी नऊ वर्षे काकूंचे हेच दुखणे काढले. काकू जाऊन तीन वर्षे झाली. चित्रपट त्यांना दाखवणे कराराबाहेरचे होते, आणि दाखवण्याची माझी हिंमतही नव्हती. पण नाव-गाव वगळून नोंदी वाचून दाखवण्यात काही गैर वाटले नाही. ते पानदान घेऊन बसले होते. गेरमुळे त्यांनाही कुठे जाता आले नव्हते.

मी वाचत गेले. रक्ताला त्यांनी मान हलवली. आरशाला म्हणाले, “आम्ही आरशावर चादर टाकली होती. बेसिनवरचा तर काढूनच टाकला.” एकविसाव्या मिनिटाची नोंद वाचली, “हिंसा, हात बांधणे,” आणि त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“कोणी बांधले?”

मला पटकन आठवेना. वर जाऊन पुन्हा पाहिले. भुताचा अजून मागमूसही नव्हता. मुलीनेच आईचे मनगट पलंगाच्या दांड्याला बांधले होते, स्वतःला दोन तास झोप मिळावी म्हणून. खाली येऊन तसे सांगितले.

“कशाने?”

“पट्ट्याने.”

“पट्ट्याने वळ उठतात, बेटा,” ते म्हणाले. “सुती साडीची किनार घ्यावी लागते, दोन बोटे रुंद. आत एक बोट जाईल एवढी सैल. हिला मी तशीच बांधायचो. कोणाला सांगितले नाही कधी.”

थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन मेहंदीपूरच्या बालाजीची, म्हणजे बाधा उतरवण्यासाठी लोक जातात त्या देवळाची, हकीकत सांगितली. काकू रात्ररात्र ओरडू लागल्या तेव्हा नातलगांनी ‘बाहेरचे आहे’ म्हणून आग्रह धरला आणि काका त्यांना राजस्थानात घेऊन गेले. परतल्यावर ताप चढला म्हणून डॉक्टरांकडे नेले, तर लघवीत जंतुसंसर्ग निघाला. वृद्ध माणसाला, त्यातून स्मृतिभ्रंश असलेल्याला, एवढ्या कारणानेही भ्रम होऊ शकतो. प्रतिजैविक सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ओरडणे थांबले. “भूत गोळीने गेले,” असे म्हणून ते हसले, पण ते हसणे मला पाहवले नाही.

वर येऊन मी पाटी पुन्हा लिहिली: ‘भय, रक्तपात, लखलखता प्रकाश, आजारी वृद्धेला घरच्यांनी बांधणे’. वयोगट ए. मुंबईच्या तपासनीस बाईंनी लगेच फोन केला. बांधणे हिंसेतच येते, मग वेगळे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण नियमांच्या परिशिष्टात हिंसा आहे, भय आहे, भाषा आहे, पण सांभाळणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या गोष्टींसाठी रकाना नाही. मी म्हटले, “ज्याला हे पाहवणार नाही तो ‘हिंसा’ वाचून थांबत नाही, त्याला वाटते मारामारी असेल.” त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. ‘बाधा’ हा शब्द न आल्याने शेवट शाबूत राहिला, हे त्यांना जास्त पटले असावे. ‘लखलखता प्रकाश’ त्यांनी वेगळ्या पाटीवर नेला, ‘स्मृतिभ्रंशाचे चित्रण’ सविस्तर माहितीच्या पानावर टाकले आणि उरलेले तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या फायली काढल्या. त्याआधीच्या तीन चित्रपटांत घरच्यांनी रुग्णाला बांधल्याची दृश्ये मी ‘हिंसा’ या एका शब्दात गुंडाळली होती. तिन्हींच्या दुरुस्त्या पाठवल्या. दोन मंजूर झाल्या. तिसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.