कडेचा तुकडा

त्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरमधून आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पहिला तुकडा आला, तो सलाइनने ओलावलेल्या गॉजवर, टाचणीच्या डोक्याएवढा. रुग्ण अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी होते. महिनाभरात उजवा हात हळूहळू लुळा पडत गेला होता आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर, थॅलॅमसमध्ये, कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने उजळणारी, मध्ये काळी राहणारी आणि भोवती भरपूर सूज असलेली गाठ दिसत होती. इतक्या खोलवरची गाठ काढणे धोक्याचे असल्यामुळे डोक्याला फ्रेम बसवून सुईने बायॉप्सी घ्यायची, असे ठरले होते. आपल्याकडे अशी रिंग दिसली की घातक गाठीबरोबरच क्षयाची गाठ आणि पू झालेला फोड यांचाही विचार करावाच लागतो, कारण तिन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

मी तुकड्याचा कण दोन काचांमध्ये दाबून हलकेच ओढला, काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली आणि आमच्या टेक्निशियनने ती रंगवून दहा मिनिटांत माझ्या हातात दिली. या पद्धतीला आम्ही स्क्वॉश स्मीअर म्हणतो. मेंदूची ऊती मऊ असल्याने ती या दाबाने अलगद पसरते, आणि रुग्ण टेबलावर असतानाच निदानाची दिशा कळते. त्या स्मीअरमध्ये तंतूंची गुलाबी जाळी होती, काही ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची केंद्रके किंचित मोठी व गडद होती आणि रक्तवाहिन्या अगदी बारीक, एकपदरी, म्हणजे निरोगी मेंदूत असतात तशाच होत्या. हे चित्र अशा पेशींच्या गाठीच्या, म्हणजे ग्लायोमाच्या, बाहेरच्या सीमेचे असू शकत होते, आणि एखाद्या जखमेभोवती मेंदूने दिलेल्या साध्या प्रतिक्रियेचे, म्हणजे ग्लायोसिसचेही.

ओटीतून फोन आला. “मॅडम, काय दिसतंय?”

“सर, ग्लायोसिस की ग्लायोमा, एवढ्यावरून सांगता येणार नाही. सुई बहुतेक रिंगच्या बाहेर आहे. कडेचा तुकडा मिळेल का?”

पलीकडे क्षणभर शांतता होती. “कडेला रक्त असतं, मॅडम. बघतो.”

ते काय म्हणत होते हे मला नीट ठाऊक होते. रिंग उजळते ती तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्यामुळेच. निरोगी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध मेंदूत शिरू शकत नाही. गाठीच्या कडेला मात्र घाईघाईने वाढलेल्या, वाकड्यातिकड्या, फटी असलेल्या वाहिन्या असतात, त्यांतून ते औषध झिरपते आणि चित्रात पांढरे दिसते. मधला काळा भाग बहुतेक मृत असतो आणि त्यातून निदानासाठी हाती फारसे काही लागत नाही. म्हणजे मला हवी असलेली खूण जिथे होती, तिथेच सुईने रक्तस्राव होण्याची भीती सर्वांत जास्त होती. थॅलॅमसमध्ये रक्तस्राव झाला तर माणूस टेबलावरून शुद्धीवर न येण्याचीही शक्यता असते. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसू शकले नाही.

दुसरा तुकडा आला तेव्हा गॉज लाल झालेला होता. टेक्निशियनने सांगितले, “सुईतून रक्त येतंय, सर थांबलेत.” अशा वेळी सर्जन सुई काढून घेत नाहीत, रक्त बाहेर येऊ देतात, सलाइनने धुतात आणि ते आपोआप थांबण्याची वाट पाहतात. त्या मिनिटांत माझे काम एवढेच होते की त्यांना तिसरा तुकडा मागावा लागू नये.

काच मायक्रोस्कोपखाली ठेवताच उत्तर दिसले, आणि ते पेशींच्या आधी रक्तवाहिन्यांनी दिले. भोवतीची ऊती पातळ पसरली होती, पण वाहिन्या पसरल्या नव्हत्या. त्या जाड, फांद्या फुटलेल्या दोरखंडांसारख्या तशाच राहिल्या होत्या आणि त्यांना वेड्यावाकड्या, दाट केंद्रकांच्या पेशी चिकटून होत्या. एका ठिकाणी वाहिनीचे वेटोळे होऊन गुच्छ झाला होता, हुबेहूब मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलससारखा. भिंतीत पेशींचे थरावर थर चढलेले होते, आणि त्या थरात एक पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबलेली होती. विभाजन होत होते ते गाठीच्या पेशीत नव्हे, रक्तवाहिनीच्या भिंतीत. मी फोन उचलला: “हाय-ग्रेड ग्लायोमा. क्षय नाही, पू नाही. तुकडा पुरेसा आहे.” त्यांनी विचारले, “आणखी नको ना?” मी म्हटले, “नको.” वीस मिनिटांनी निरोप आला की रक्त थांबले आहे आणि सुई काढली आहे.

पुढच्या दोन-तीन दिवसांत पॅराफिन ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे, काप आले. त्यांत मृत भागाभोवती गाठीच्या पेशी दाटीवाटीने रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा तेच गुच्छ होते. या दोन गोष्टी शेजारी असतात याला कारण आहे. गाठ स्वतःच्याच वाहिन्यांमध्ये गुठळ्या करते, तिथला प्राणवायू संपतो, आणि गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन भरभरून बनवतात. मृत भागाच्या कडेला त्याची निर्मिती सर्वाधिक असते हे १९९२ मध्ये मानवी गाठींवर दाखवले गेले. त्याच प्रथिनाने शेजारच्या वाहिन्यांना फुटवे येतात. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की १९८३ मध्ये हे प्रथिन प्रथम सापडले ते वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणून. त्या वाढवणारा घटक म्हणून त्याची ओळख १९८९ मध्ये झाली. मेंदूची सूज आणि गाठीची वाढ यांचे मूळ एकच निघाले. आयडीएच या जनुकातल्या बदलाची तपासणी निगेटिव्ह आली आणि मी अहवालात ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, असे लिहिले, म्हणजे ग्लायोमाचा सर्वांत घातक प्रकार.

आठवड्याने रुग्णाचा मुलगा ब्लॉक न्यायला आला. मुंबईला दुसरे मत घ्यायचे होते. त्याने अहवाल वाचला होता आणि एका ओळीवर तो अडला होता. “मॅडम, रक्तवाहिन्यांची वाढ म्हणजे रक्तपुरवठा चांगला ना? मग ते वाईट कसं?” हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. दुसरेही त्याच्या मनात होते: डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यावर दोनच दिवसांत वडिलांचा हात वर जाऊ लागला होता, आणि घरच्यांना आजार हटतोय असे वाटले होते.

मी त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवले आणि तो गुच्छ दाखवला. सांगितले, की या वाहिन्या तुमच्या वडिलांच्याच आहेत, पण त्या गाठीच्या सांगण्यावरून वाढल्या आहेत. त्यांतून रक्त नीट वाहत नाही, पाणी मात्र झिरपते, आणि गोळ्यांनी ते झिरपणे कमी झाले म्हणून हात उचलला गेला. गाठ होती तिथेच आहे. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, “या बंद करायचं औषध नाही का?”

आहे, आणि त्याची कल्पनाही जुनी आहे. जुडा फोकमन या बोस्टनच्या सर्जनने १९७१ मध्येच मांडले होते की नवीन वाहिन्या थांबवल्या तर गाठ दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकणार नाही. व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब अमेरिकेत २००९ पासून पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी वापरात आहे. मात्र सुरुवातीपासूनच ते दिले तर काय, हे तपासणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यांतल्या एकीत आजार वाढेपर्यंतचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांवर गेला, पण आयुष्य १६.७ महिन्यांचे १६.८ झाले, दुसऱ्या चाचणीतही आयुष्य वाढले नाही. एमआरआयमधली रिंग फिकी पडते, सूज उतरते, स्टेरॉइडचा डोस कमी करता येतो, आणि त्याच वेळी गाठीच्या पेशी मेंदूच्या जुन्या, निरोगी वाहिन्यांच्या कडेकडेने पुढे सरकत राहतात. हे मी त्याला आकड्यांसह सांगितले नाही. एवढेच सांगितले, की ते औषध सूज उतरवते, हात काही दिवस चालता ठेवू शकते, आणि कधी द्यायचे ते तिथले डॉक्टर ठरवतील. हात चालता राहणे हीसुद्धा शेतकऱ्याच्या घरात लहान गोष्ट नव्हे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

त्याने ब्लॉक आणि न रंगवलेले काप डबीत घालून घेतले, सही केली, आणि त्या दुसऱ्या तुकड्याच्या स्मीअरच्या काचेकडे बोट दाखवून विचारले, “ही पण देता का?” ती मी दिली नाही. ब्लॉकचे पुन्हा काप काढता येतात. कडेच्या त्या कणाची काच एकच होती.