अडतीस विरुद्ध तेरा

आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची मुलगी नोव्हेंबरात माझ्या वर्गात आली. कुटुंब नेपाळातून हंगामापुरतं आलेलं. जन्माचा दाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा कागद नाही. वय विचारलं तर वडिलांनी हात कमरेपाशी धरून उंची दाखवली. मी तिला तोंड उघडायला लावलं, पुढचे दात बघितले आणि आठ वर्षं धरून तिसरीत नाव घातलं. आमच्या भाषेत हा वयानुरूप प्रवेश. कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्काचा कायदाच तसा आहे.

हा कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला. मी नोकरीला लागले तेव्हा तो नव्हता, त्यामुळे आधीचे दिवस मला चांगले आठवतात. तेव्हा अशा मुलांना आम्ही वर्गात बसवायचो, पण हजेरीपटावर घेताना हात अडखळायचा. आता अडखळत नाही. पण या कायद्याची पहिली गोष्ट आमच्याच गुहागर तालुक्यातल्या एका माणसापासून सुरू होते, हे मला वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळलं, याचं वाईट वाटतं.

कोतळूक माझ्या शाळेपासून दुचाकीवर अर्ध्या तासावर. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म तिथला, ९ मे १८६६चा. जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत येते आणि पुण्यतिथी १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीच्या दिवशी. त्यामुळे शाळेत गोखल्यांचा दिवस असा होतच नाही. मुलांना ते एका ओळीत माहीत असतात: गांधीजींचे राजकीय गुरू. मलाही तेवढेच माहीत होते. गेल्या पावसाळ्यात त्यांची कौन्सिलातली भाषणं मोबाइलवर उघडली आणि गणपतीपर्यंत रोज रात्री थोडी थोडी वाचत गेले. इंग्रजी जड आहे, पण आकडे आले की मला धीर यायचा. माणूस मुळात मास्तर, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला. भाषणातही तो फळ्यावर गणित सोडवावं तसा पायरीपायरीने जातो.

१९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. त्या काळी सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता यायचं, मत देता यायचं नाही. म्हणजे वर्षातून एकदा उभं राहायचं, सगळं मांडायचं आणि खाली बसायचं. तरी पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारी शिलकीची चिरफाड केली. तिजोरीत पैसा उरतोय याचा अर्थ रयत सुखात आहे असा नाही, गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून तो उरतोय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवलं. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. पुढे वर्षानुवर्षं ते मिठावर बोलत राहिले. १९०३ला कर दोन रुपयांवर आला, १९०५ला दीडवर, १९०७ला एकावर. ही सगळी कपात त्यांच्या एकट्याच्या भाषणांनी झाली असं मी म्हणणार नाही, पण मत द्यायचा हक्क नसलेला माणूस तेच आकडे दरसाल पुन्हा मांडत राहतो, याची किंमत मला फार वाटते.

पण मी अडकले ती शिक्षणापाशी.

ठराव मांडायचा हक्क सदस्यांना १९०९च्या सुधारणांनंतर मिळाला. लगेच मार्च १९१०मध्ये गोखल्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला. एकूण लोकसंख्येतले किती टक्के लोक प्राथमिक शाळेत आहेत, याची देशोदेशीची यादी त्यांनी वाचली. अमेरिका २१, जपान ११, ब्रिटिश हिंदुस्थान १.९. सरकारने विचार करू म्हटल्यावर ठराव मागे घेतला. आणि वर्षभरात, १६ मार्च १९११ला, ते थेट विधेयकच घेऊन आले.

विधेयकातल्या तरतुदी वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस आमच्या वाड्यांवरून फिरलाय. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचं, तेही सरकारची परवानगी घेऊन, आणि जिथे साधारण ३३ टक्के मुलं आधीच शाळेत येतात अशाच भागात. खर्चाचे दोन वाटे सरकारने उचलायचे, एक स्थानिक संस्थेने. महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. मैलभरात शाळा नसेल तर सक्ती नाही. मूल आजारी असेल, घरची अडचण असेल किंवा शेतीचा हंगाम असेल, तर गैरहजेरी माफ.

शेतीचा हंगाम! जुलैत माझ्या वर्गातली मोठी मुलं आईबरोबर तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला जातात. दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की पटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. तपासणीला आलेले साहेब विचारतात, बाई, ही मुलं कुठे? काय सांगणार? दुसऱ्या दिवशी ती येतात तेव्हा त्यांच्या नखांत चिखल असतो आणि बोटं पाण्याने सुरकुतलेली असतात, पेन्सिल नीट धरता येत नाही. त्या दिवशी मी लिहायला देत नाही, पाढे म्हणून घेते. कलकत्त्याच्या त्या कौन्सिलात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी ही बोटं ध्यानात ठेवली होती, हे वाचून मला भरून आलं.

दहा रुपयांच्या अटीपाशीही थांबले. गोखल्यांचे वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दरमहा धाकट्याला शिकायला पाठवायचा. आठ रुपयांवर शिकलेल्या मुलाने पुढे दहा रुपयांची रेघ ओढली. ती ओढताना भावाचा चेहरा डोळ्यांपुढे नसेल, असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बोचली. मुली नाहीत. त्यांचा नंबर पुढे कधीतरी. लोकांचा विरोध नको, आधी पाय रोवू, असा हिशेब होता, हे कळतं. तरीही माझ्या वर्गात आज सतरातल्या दहा मुली आहेत आणि ते कलम वाचताना मला त्या दहाही जणी दिसत होत्या. अर्धी पोळी पदरात पाडून घेण्याच्या या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली असेल. माझं मत विचाराल तर मुलींबाबत ते चुकले, बाकी बाबतीत त्यांचा सावधपणा बरोबर होता. शाळा, मास्तर, पैसा यांची सोय न करता नुसती सक्ती लादली असती तर दंड भरायची वेळ गरिबावरच आली असती.

मार्च १९१२मध्ये विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवावं एवढीच मागणी होती. दोन दिवस चर्चा झाली. पैसा नाही, लोक तयार नाहीत, प्रांतिक सरकारं अनुकूल नाहीत, सक्तीशिवायच प्रसार होऊ द्या, असं सरकारी बाजूचं म्हणणं. मदनमोहन मालवीय आणि जीना गोखल्यांच्या बाजूने होते. कौन्सिलात बहुमत सरकारी सदस्यांचं, त्यामुळे निकाल सगळ्यांना ठाऊक होता. गोखल्यांनी तो स्वतःच बोलून दाखवला. दिवस मावळायच्या आत माझं विधेयक फेकलं जाईल हे मला माहीत आहे, माझी तक्रार नाही, मी खचणारही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. इंग्लंडातही १८७०च्या शिक्षण कायद्याआधी किती प्रयत्न वाया गेले हे आपण जाणतो, म्हणाले. आणि आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करता येईल, असंही. १९ मार्चला मतं पडली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

तीन वर्षांनी, ४८व्या वर्षी, ते गेले. १९१७ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ला विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात नगरपालिकांपुरता कायदा करून घेतला. संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली, ती पाळली गेली नाही. मूलभूत हक्क व्हायला २००२ची घटनादुरुस्ती लागली, कायदा यायला २००९ उजाडलं. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, असा नियम आता आहे. गोखल्यांचा मैल तेवढा आखडला. आणि हल्ली कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा मला या किलोमीटरची फार काळजी वाटते. पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, भरून वाहतो, तेव्हा सहा वर्षांच्या पोराला किलोमीटरभरसुद्धा लांबच असतो.

राखणदाराची मुलगी आता मराठी वाचते. ‘ळ’ तिला येत नव्हता, तो शिमग्याच्या आसपास आला. आल्या दिवशी तिने ‘फळा’ हा एकच शब्द वर्गभर फिरून सगळ्यांना ऐकवला.

परवा तिचे वडील आले. म्हणाले, ‘‘मॅडम, बारिश के पहले हम लोग चले जाएंगे. इस का नाम मत काटना.’’

मी त्यांना शिक्षण हमी पत्रक भरून दिलं. तिला काय वाचता येतं, कुठपर्यंत गणित झालंय, सगळं त्यात लिहिलं, म्हणजे पुढच्या शाळेला पुन्हा दात बघावे लागणार नाहीत. त्यांनी ते दोनदा घडी घातलं आणि मोबाइलच्या चार्जरबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. पिशवीला गाठ मारून झाल्यावर मुलीने ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या दप्तरात टाकली.