डिस्क मेली नव्हती

लग्नसराईत नागपूरच्या सीताबर्डीवरच्या आमच्या दुकानात व्हिडिओवाल्यांची रीघ लागते. त्यातलाच एक जण २ टीबीची हार्ड डिस्क घेऊन आला. "भाऊ, डिस्क मेली का जी? अल्बमवाल्याकडे उघडतच नाही."

एडिटिंग मॅकवर, अल्बमवाल्याकडे विंडोज, कलरचं काम करणारा उबंटूवर. डिस्क ठणठणीत होती, फक्त एपीएफएसमध्ये, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये होती आणि विंडोजला ते वाचता येत नाही. अशा वेळी विंडोज बरेचदा सरळ 'फॉरमॅट करा' म्हणतं. अल्बमवाल्यानं 'हो' दाबलं नाही, म्हणून दोन लग्नं वाचली.

तो म्हणाला, "फॅट३२ फॉरमॅट करून द्या, सगळीकडे चालते." चालते खरी, पण एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके शूट केलं की पावणेसहा मिनिटांत ती ओलांडते. मग डिस्क अर्धी रिकामी असूनही 'फाइल मोठी आहे' असा मेसेज येतो. विंडोजचं एनटीएफएस केलं, तर मॅक नुसतं वाचतो, लिहीत नाही. उरलं एक्सफॅट, तिन्हीकडे लिहिता-वाचता येणारं. मॅकवर ते २०१० पासून आहे, लिनक्स कर्नलमध्ये ५.४ पासून, त्याआधीच्या उबंटूवर एक्सफॅट-फ्यूज हे सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

आधी ७०० जीबी डेटा मॅकवरून दुसऱ्या डिस्कवर घेतला. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला, दोन तास गेले. त्याची जुनी यूएसबी २ ची केबल लावली असती तर संध्याकाळ झाली असती. मग मॅकच्या डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' करून सगळ्यात वरची, कंपनीच्या नावाची ओळ निवडली. इथेच बरेच जण खालचा व्हॉल्यूम निवडतात आणि स्कीमचा, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या पद्धतीचा, पर्याय दिसत नाही म्हणून अडतात. इरेज दाबून फॉरमॅट एक्सफॅट आणि स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप निवडली. मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअप मात्र एक्सफॅटवर होत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क ठेवायला सांगितलं.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. कॉपी चालू असताना केबल ओढली किंवा लाइट गेली (उन्हाळी वादळात आपल्याकडे जातेच), तर फाइलींचा हिशेब बिघडतो. इजेक्ट करूनच काढायची. बिघडलीच, तर आधी डेटा दुसरीकडे घ्यायचा, मग विंडोजवर 'चेकडिस्क' स्लॅश एफ लावून चालवायचं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर: हॉलच्या टीव्हीवर डिस्क दिसत नाही. बरेच जुने टीव्ही जीयूआयडी ओळखत नाहीत, काहींना एक्सफॅटही चालत नाही. टीव्हीपुरता ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह एमबीआर (जुनी स्कीम) आणि फॅट३२ करून दिला, हायलाइटची फाइल ४ जीबीच्या आत ठेवायला लावली.