लेकीकडं उट्रेक्टला गेलात तर सायकल घ्याच

आमच्या सोलापुरात आता कितीतरी घरं अशी आहेत की पोरं नोकरीला बाहेर आणि आईवडील उन्हाळ्यात महिना दोन महिने तिकडं. मी पण मागच्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरात लेकीकडं जाऊन आले. जाताना शेंगाचटणी नेली, कडक भाकरी नेली, औषधं नेली, पण तिथं फिरायचं कसं हे कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय, माझ्यासारख्या जाणाऱ्यांना उपयोग होईल.

उट्रेक्टला सायकल म्हणजे व्यायाम नाही, ते तिथलं साधं वाहन आहे. त्या देशात माणसं 1 कोटी 80 लाखांच्या आसपास आणि सायकली त्याहून जास्त. पहिल्या दिवशी मी लाल डांबरी पट्ट्यावर निवांत उभी राहून फोटो काढत होते, फूटपाथच वाटला मला तो, तेवढ्यात मागनं घंटी वाजली आणि लेकीनं हाताला धरून बाजूला ओढलं. तो लाल पट्टा सायकलींचा असतो, चालणाऱ्यांनी तिथं उभं राहायचं नाही हे आधी डोक्यात पक्कं करा.

मी लहानपणी तासाच्या भाड्याची सायकल घेऊन हाफ पायडल मारत शिकलेली, तेव्हा सायकल येत नव्हती असं नाही. पण दुकानातनं भाड्यानं घेतली ती पायाच्या ब्रेकची निघाली, म्हणजे पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक जाम. आपल्याला सायकल पळत असताना पायडल उगाच मागं फिरवायची सवय असते ना, मी तसंच केलं आणि गच्चकन थांबले, मागच्या बाईला माझ्यामुळं थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी जाऊन हातात ब्रेक असलेली बदलून आणली. तुम्ही आधीच तशी मागा, सीट खाली करून घ्या, आणि दोन कुलपं घ्या, एक मागच्या चाकाचं आणि एक साखळीचं.

खरी अडचण वेगळीच होती. मी प्रत्येक चौकात थांबायचे, येईल त्याला वाट द्यायचे, जरा इकडं जरा तिकडं व्हायचे, सोलापुरात जगायचं तर हेच करावं लागतं. लेक म्हणाली, आई, तू असं केलंस तर त्यांना कळत नाही तू काय करणारेस, सरळ जा, वळायच्या आधी हात बाहेर काढ, आणि तुझी पाळी असेल तर थांबू नकोस. रस्त्यावर पांढरे त्रिकोण काढलेले असतात, त्यांना तिथं शार्कचे दात म्हणतात, टोकं आपल्याकडं असली की आपण थांबायचं, समोरच्याकडं असली की तो थांबतो. आणि खरंच थांबतो हो! पहिल्यांदा एवढी मोठी बस माझ्यासाठी थांबली तेव्हा मला भरून आलं.

आणि ते उजव्या बाजूनं चालवतात, त्यामुळं डावीकडं वळणं अवघड, मोठ्या चौकात आधी सरळ पार व्हायचं आणि मग पलीकडच्या सिग्नलवरनं वळायचं. रात्री पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा पाहिजेच. सायकल चालवताना मोबाईल हातात धरायला 2019 पासून बंदी आहे. चढ म्हणाल तर नाहीतच, पण समोरनं वारा सुटला की आपलं अक्कलकोट रोडचं दुपारचं ऊन परवडलं असं होतं.

स्टेशनखालचं पार्किंग मात्र बघायलाच जा. तीन मजले, 12,500 सायकली, पहिले 24 तास फुकट. सायकल लावली की रांगेच्या नंबरचा फोटो काढा, मी काढला नव्हता, अर्धा तास काळ्या सायकली बघत फिरले.

शेवटच्या आठवड्यात मी एकटीच क्रोमे राइन नदीच्या काठानं अमेलिसवेर्डच्या झाडीत जाऊन आले. तिकडं सायकलीच्या वाटांवर जागोजागी नंबर असतात, जायचे नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि एकापाठोपाठ एक गाठत जायचं, भाषा यायची गरजच नाही.

हे सगळं पहिल्यापासून नव्हतं बरं का. 1971 साली त्या एवढ्याशा देशात 3,000 च्या वर माणसं रस्त्यावरच्या अपघातात गेली, त्यात 400 च्या वर लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 ला तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि मग हळूहळू रस्ते बदलले. हे ऐकलं तेव्हा मला आमचे वडील आठवले. मिलचा भोंगा व्हायच्या आत सायकलीला डबा अडकवून निघायचे, आणि त्या वेळेला अख्खा रस्ता सायकलींचाच असायचा. आपल्याकडं पण होतं की हे.

आल्यावर मी सायकल घेतली. सकाळी सहाला सात रस्त्याहून कंबर तलावापर्यंत जाते, ऊन चढायच्या आत घरी. परवा विजापूर रोडवर उजवीकडं वळायचं होतं, सवयीनं हात लांब बाहेर काढला आणि सरळ धरून ठेवला. मागनं रिक्षा येत होती, ती हळू झाली, थांबली, आणि तो पोरगा म्हणाला, "जावा मावशी, जावा."