त्रयस्थ कुकी आणि मागे घेतलेला शब्द

काही दिवसांपूर्वी घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीसाठी मी श्रवणयंत्रांची माहिती शोधत होते. एका संकेतस्थळावरची दोन पाने वाचली, कुठेही नाव किंवा ईमेल दिला नाही. तरीही त्याच संध्याकाळी बातम्या वाचताना, हवामान पाहताना आणि एका शब्दाचा अर्थ शोधताना शेजारी श्रवणयंत्रांच्याच जाहिराती येत राहिल्या. कुणाला कमी ऐकू येते ही घरातली गोष्ट आहे आणि ती अशी परस्पर बाहेर जावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

हे घडते ते कुकीच्या वाटेने. कुकी म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी नोंद, आणि ती मुळात उपयोगाची वस्तू आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी ती तयार केली, ती संकेतस्थळाला आपली आधीची भेट आठवावी आणि टोपलीत ठेवलेली वस्तू पुढच्या पानावर हरवू नये, एवढ्याचसाठी. बिघडते ते त्रयस्थ कुकीमुळे. आपण वाचत असलेल्या पानात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येणारे एक चित्र असते, कधी अवघ्या एका पिक्सेलचे, डोळ्यांना न दिसणारे. ते मागवताना आपला ब्राउझर त्या कंपनीने पूर्वी कुकीत ठेवलेला ओळखक्रमांक तिला परत पाठवतो आणि मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली हेही बहुधा कळवतो. तेच चित्र हजारो संकेतस्थळांवर असेल, तर एकाच क्रमांकाखाली आपल्या वाचनाची वही भरत जाते.

हा धोका नंतर लक्षात आला, असेही नाही. कुकींचे नियम सांगणारा आरएफसी २१०९ हा दस्तऐवज १९९७ मध्ये आला, तेव्हाच त्यात म्हटले होते की वापरकर्त्याने स्वतः न निवडलेल्या ठिकाणांशी ब्राउझरने कुकींची देवाणघेवाण करू नये, आणि ही मोकळीक द्यायचीच असेल तर ती मुळात बंद असावी. मोठ्या ब्राउझरांनी तो नियम पाळला नाही.

पुढे सफारी या ब्राउझरने २०१७ पासून मागोवा घेणाऱ्या कुकींवर बंधने आणली आणि मार्च २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात मागोवाकारांच्या कुकी सर्वांसाठी अडवायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत रूढ केली. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्रयस्थ कुकी हटवण्यासाठी गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांची मुदत जाहीर केली. ती आधी २०२३, मग २०२४, मग २०२५ अशी पुढे सरकली. जुलै २०२४ मध्ये बेतच मागे घेतला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला स्वतंत्रपणे विचारण्याचा विचारही सोडून देण्यात आला.

यामागे केवळ दिरंगाई होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या कंपनीचा ब्राउझर, तिचाच जाहिरातींचा प्रचंड व्यवसाय असल्यामुळे, त्रयस्थ कुकी गेल्यास प्रतिस्पर्धी आंधळे होतील आणि गूगलकडे मात्र स्वतःची माहिती राहील, ही ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाची शंका रास्त होती. पण या वादात वाचणाऱ्याची बाजू मागे पडली, याची मला खंत आहे. क्रोममध्ये त्रयस्थ कुकी बंद करण्याची सोय आहे, हे खरे. मात्र सेटिंगच्या आतल्या पानापर्यंत किती जण जातात? बहुतेकांसाठी ब्राउझर जसा हाती येतो तसाच राहतो, म्हणून मुळात काय चालू आणि काय बंद आहे यालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

कुकी गेल्या म्हणजे पाळत संपली, असेही नव्हे. पडद्याचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्सची घडण यांवरून ब्राउझरचा ठसा घेता येतो, आणि लॉगिनसाठी दिलेल्या ईमेलपासून बनवलेला सांकेतिक क्रमांक अनेक कंपन्यांना जुळवून पाहता येतो. कुकी निदान पुसता तरी येते. ठसा पुसता येत नाही.

त्या संध्याकाळी मी घरातल्या सगळ्या संगणकांवर आणि फोनवर त्रयस्थ कुकी बंद केल्या. एका संकेतस्थळावर दुसऱ्या खात्यातून लॉगिन होईना, तेव्हा फक्त त्याच्यापुरती परवानगी दिली. बाकी सारे पूर्वीसारखे चालते आहे, आणि श्रवणयंत्राची पुढची चौकशी आम्ही त्याच संगणकावरून केली.