सही जुळत नाही

रात्री नऊ वाजता सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सचा चेक हातात देऊन गेले. "बाई, परत आलाय. सही जुळत नाही म्हणतात." ३१ वर्षं मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं. फळ्यावरचा रोजचा सुविचार माझ्याच हातचा असायचा. त्या हाताची सही बँकेनं नाकारली हे मला फार लागलं. अजूनही लागतं.

पार्किन्सन्स आहे हे त्याआधी चार महिने कळलं होतं. ते सगळं भराभर झालं. उजवा खांदा आखडला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहून घेतलं. पहिले दोन शब्द माझे होते; ओळीच्या शेवटी मुंग्या लागल्यासारखं अक्षर. मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हालचाली मंदावतात, त्यात अक्षरही बारीक होत जातं. कंप मला फारसा नाही. म्हणून बँकेत कुणाला मी आजारी वाटतच नव्हते.

मुलुंडची आमची शाखा. काउंटरवरच्या मुलीनं सही बदलायचा फॉर्म दिला. त्यात दोन चौकटी, वर जुनी सही, खाली नवी. वरची रेकॉर्डशी जुळली तरच खालची घेणार. जी सही येत नाही म्हणून मी आले, तीच आधी करून दाखवायची! चार वेळा केली. मागे रांग, सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे, आणि घाई झाली की अक्षर आणखी आकसतं. चौथ्या सहीत तर माझं आडनाव एका रेघेत संपलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचं पत्र नेलं, तर मॅनेजर ट्रेनिंगला गेलेले. तिसऱ्या खेपेला भेटले. पत्र वाचलंसुद्धा, आणि म्हणाले, "मॅडम, घरी थोडी प्रॅक्टिस करून या." मी घरी आले आणि खरंच चाररेघी वही काढली. रात्री अकरापर्यंत स्वतःचं नाव गिरवत बसले. ह्यांनी शेवटी हातातून पेन काढून घेतलं.

लेकीनं रिझर्व्ह बँकेचा नियम शोधून दिला तेव्हा वाट सापडली. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांना सही करता येत नाही, त्यांना अंगठा लावून पैसे काढता येतात. ओळख पटवायला दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी अर्जात सरळ विचारलं, अंगठ्यावर पैसे देता, मग अंगठ्यावर सही का बदलून देत नाही? अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर आवकचा शिक्का घेतला. तुम्हीही घ्या. तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही. बँकेनं ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही. आठवड्यात शाखेतून फोन आला. खुर्ची दिली, अंगठा घेतला, एक अधिकारी आणि शेजारच्या वहिनी साक्षीदार झाल्या. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी मी दीड महिना झोपेत सह्या करत होते.

नवी सही पूर्ण नावाची ठेवू नका. वाईट दिवशीही जमेल अशी आखूड ठेवा. माझी आता आद्याक्षर आणि आडनाव, एवढीच. त्याच दिवशी ह्यांचं नाव खात्यात घातलं, दोघांपैकी कुणीही चालवेल असं. लॉकर, पीपीएफ, विमा यांच्याकडेही जुनीच सही असते, तिथंही जा. आणि आजाराचं निदान ताजं असतानाच जा, हात साथ देतोय तोवर.

एक राहिलंच, वेळ. माझी पार्किन्सन्सची गोळी, लेवोडोपाची, सकाळी आठला. तिचा जोर साडेअकरापर्यंत ओसरतो, आणि मी तिन्ही वेळा नेमकी तेव्हाच काउंटरवर उभी होते. बँक उघडताच जा. गोळी रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घेतली तर मला चांगली लागू पडते. डाळ, पनीर, अंडं यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. पण मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. आपल्या मनानं गोळी पुढेमागे करू नका, बंद तर मुळीच करू नका.

मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे मदतगट चालतात. फिजिओथेरपीत मला शिकवलं ते असं, आखलेला कागद, जाड पेन, आणि लिहिताना मनात "मोठं, मोठं" म्हणत राहायचं. खरंच अक्षर मोठं येतं. परवा सोसायटीचा चेक तसाच लिहिला. वटला.